रिकाम्या गाडीचं वजन

मी पक्का थापाड्या माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून दुसऱ्या कुणी सांगायला नको. आखातातल्या आमच्या नईम मोहल्ल्याच्या गल्लीत ताहिर एसीवाला कुठे राहतो म्हणून विचाराल तर न्हावी हसेल, इस्त्रीवाला शिवी देईल आणि कोपऱ्यावरचा दुकानदार बसण्याआधी आपली खुर्ची हाताने चाचपून बघेल. शाळेत मी सातवीपर्यंत गेलो. सातवीत मास्तरांच्या छत्रीत बेडूक भरून ठेवले आणि शाळेनेच माझी रजा घेतली. तेव्हा ही गोष्टही थाप आहे असं तुम्ही म्हणालात तर मला राग नाही.

रात्रीच्या गोष्टीला दिवा लागतो. ही दुपारची आहे. पडदा ओढून घ्या, डोळ्यांवर ऊन येऊ देऊ नका, आणि ऐका.

गाडीपासून सुरुवात करतो, कारण सगळं तिचंच आहे. सहा वर्षांपूर्वी मी हायब्रीड पिकअप घेतली. लहानशी, चार दारांची, मागे खाटेएवढा हौदा. त्यात एसीची दोन खोकी, शिडी आणि गॅसचा सिलिंडर बरोबर बसतो. घ्यायला लावली विवेकने. विवेक म्हणजे पुण्याचा इंजिनीयर. राहतो उम्म अल हस्समला, त्याच्या फ्लॅटचे चारही एसी माझ्याकडे. पुण्याचा असल्यामुळे त्याला सगळं माहीत असतं, आणि जे माहीत नसतं ते जगात नसतंच. त्याने तासभर समजावलं, अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर, हळू चालवलीत तर इंजिनचा आवाजही नाही. मी बाकीचं काही ऐकलं नाही. आवाज नाही म्हणाला, तिथेच मी गाडी मनात घेतली होती.

पहिल्या दिवशी बिल्किसला, म्हणजे माझ्या बायकोला, बसवून नेली. ती दापोलीकडची, आम्ही दोघं एकाच गावचे. बटण दाबलं, दिवे लागले, आवाज काही नाही. ती म्हणाली, "अवो, ही चालू हाय का मेली?"

सहा वर्षं ती मेलेली गाडी मी जिवंतपणे वापरली. इस्त्रीवाल्याच्या पाठीमागे दोन हातांवर नेऊन उभी करायची आणि मग भोंगा. त्याने एकदा कुणा अरबाच्या पांढऱ्या थोबच्या, म्हणजे पायघोळ झग्याच्या, पाठीवर इस्त्रीचा त्रिकोणी ठसा उमटवला, तेव्हापासून माझे कपडे बिल्किसच इस्त्री करते. एक लाख नव्वद हजार किलोमीटर झाले. सीटला माझा आकार आला, माझ्या पाठीला सीटचा. आत एसीच्या गॅसचा आणि बिल्किसच्या सुक्या म्हावऱ्याचा मिळून एक वास आहे, तो आता कुठल्या साबणाने जात नाही. समोरच्या पडद्यावर आकडा येतो, लिटरला किती किलोमीटर. माझ्या वयाची माणसं सकाळी उठून साखर बघतात, मी तो आकडा बघतो. बावीस. सहा वर्षं बावीस. कधी एकवीस झाला तर समजायचं की टायरात हवा कमी आहे किंवा बिल्किस माहेरच्या आठवणींनी जड झाली आहे.

आणि हेही सांगून ठेवतो, ही गाडी म्हणजेच आमचा व्हिसा. मी चौसष्ट वर्षांचा. आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा लागतो तो अरब, भला माणूस, पण त्याने साफ सांगितलं होतं, "ताहिर, गाडी घेऊन फिरतोस तोवर रहा. गाडी बंद, तर खलास." जिने चढून सिलिंडर वाहायचं माझं वय गेलं, नवी गाडी घ्यायची ऐपत नाही. गावी घराला कुलूप. मुलगी निदा तिच्या संसारात टोरांटोला. चौतीस वर्षं इथे काढल्यावर आम्हा दोघांना दुसरं कुठलं दार आपलं वाटत नाही. बिल्किसने तर जिन्यात कढीपत्ता लावलाय, कुंडीत, आणि त्याला आता माझ्याएवढी उंची आहे.

तर, माझा एक खेळ होता.

इथे उन्हात उभा असलेला कामगार हात दाखवतो, पिकअपवाले थांबतात, सोडतात पुढे. रीतच आहे. मीही थांबायचो. पण माणूस दारापाशी आला, मुठीवर हात टाकणार, की गाडी चार पावलं पुढे. आवाज नाहीच. त्याला वाटायचं आपणच चुकलो. तो परत यायचा, मी परत चार पावलं. तिसऱ्यांदा दार उघडायचो, पुढच्या सीटवर बसवायचो, एसी त्याच्या तोंडावर फिरवायचो आणि हातात थंडगार लबनची, म्हणजे इथल्या ताकाची, बाटली द्यायचो. हसायचे बिचारे. काही शिव्या द्यायचे, मग हसायचे. दोनच वेळा, त्याच्या वर कधी नाही. माझी नियत वाईट नव्हती, एवढं लिहून घ्या.

गेल्या जुलैत मआमीरच्या कारखान्यांच्या भागात गेलो होतो. तिथल्या वर्कशॉपमधून एक कॉम्प्रेसर आणायचा होता. वर्कशॉप बंद निघालं. उन्हाळ्यात बारा ते चार उघड्यावर काम करायचं नाही असा नियम आहे, तेव्हा त्या वेळी तिथे चिटपाखरू नसतं. कारखान्यांच्या बाजूने गंधकाचा वास येतो, नळ्यांतून काहीतरी सुस्कारत असतं, आणि रस्त्यावरची हवा पाण्यासारखी हलते. सावल्या पायाखाली शिरून बसलेल्या. रिकामाच परत फिरलो.

आणि त्या हलत्या हवेत एक म्हातारा उभा होता. निळा कव्हरॉल, डोक्यावर ओला पांढरा टॉवेल, हातात डबा. त्याने हात दाखवला.

मी थांबलो. तो आला. मी चार पावलं पुढे. तो घाई करेना, त्याच चालीने आला. मी परत पुढे. परत त्याच चालीने. हसू नाही, शिवी नाही. आरशात फक्त तो टॉवेल जवळ येताना दिसत होता. तिसऱ्यांदा त्याचा हात मुठीवर पडलाच होता... आणि माझ्या पाठीवर बसल्यासारखा एका ट्रेलरने भोंगा दिला. मी दचकलो, पाय दाबला गेला. ट्रेलर मागून हटेना, वळायला जागा नाही. राउंडअबाउटला वळसा मारून परत यायला सात मिनिटं लागली.

रस्ता रिकामा. नेलं असेल कुणीतरी, म्हटलं. लबनची बाटली मीच प्यालो.

घरी आलो तेव्हा पडद्यावर आकडा होता सोळा.

दुसऱ्या दिवशी सोळा. तिसऱ्या दिवशी सोळा. हौद्यात शिडीसुद्धा नव्हती. गाडी वळणावर मागून ओढायची, स्पीडब्रेकरवर मागे बूड टेकायची. बिल्किस म्हणाली, "मागं काय भरलंव?"

"काही नाही गो."

"मग बसकन मारल्यासारकी का चालते?"

आणि सिग्नलला उभं राहिलं, सगळं शांत असलं, की मागून आवाज यायचा. मोठा नाही. पत्र्यावर बसलेला माणूस एक मांडी बदलून दुसरी घालतो, तेवढा.

गॅरेजवाला अर्सलान लाहोरचा. गाडी वर चढवली, चाकं हाताने फिरवली, ब्रेक बघितले, टायर बघितले. मग कॉम्प्युटर लावला. डोकं खाजवून म्हणाला, "चाचा, सब ठीक है. और सब ठीक है तो फिर बॅटरी थक गई है. बेच दो."

"बॅटरी ठीक दिखा रहा है ना?"

"दिखा तो रहा है. आप भी तो ठीक दिखते हो."

त्याला मी वर्षभरापूर्वी पान्यांच्या डब्यात रबरी साप ठेवून दिला होता. माणसं विसरत नाहीत. नवी बॅटरी म्हणजे अर्ध्या गाडीची किंमत. त्या संध्याकाळी बिल्किस जिन्यात जाऊन कढीपत्त्याला पाणी घालत बसली. कुंडीतून पाणी वाहून खाली दोन मजले गेलं तरी घालत होती.

विवेकला सांगितलं तर तो म्हणाला, "चाचा, हौद्याखाली वाळूची पोती लपवलीत ना? या वेळी मी फसणार नाही." खाली वाकून, शर्ट मळवून बघून आला. काही नाही म्हटल्यावर त्याच्यातला इंजिनीयर जागा झाला. "अंदाज नकोत. वजन करू. टाकी फुल करा, हौदा रिकामा. कागदावर हिचं वजन सोळाशे ऐंशी किलो आहे. काट्यावर तेवढंच भरलं तर दोष बॅटरीचा. जास्त भरलं तर दोष तुमचा."

मआमीरच्या बाहेर भंगारवाल्यांचा वजनकाटा आहे. जमिनीत लोखंडी फळी, बाजूला काचेची केबिन. आत अंकलेश्वरचा तौकीर बसतो. दुपारचे साडेबारा. पद्धत अशी की गाडी फळीवर घ्यायची, ड्रायव्हरने उतरून बाजूला व्हायचं, मग आतला बटण दाबतो. मी उतरलो. विवेक उतरला. दोघंही केबिनच्या सावलीला उभे राहिलो.

तौकीर बटण दाबीना. काचेची फट सरकवून ओरडला, "चाचा, पीछेवाले को भी उतारो! खाली वजन चाहिए ना?"

विवेक हसला. "किती पैसे दिलेत याला?"

मी हसलो नाही. मी तौकीरला त्याआधी आयुष्यात भेटलो नव्हतो.

"कौन पीछेवाला?" मी विचारलं.

"अरे वो... टॉवेलवाला..." तो काचेला नाक लावून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मेरे को लगा..." आणि बटण दाबलं. चिठ्ठी बाहेर आली. सतराशे चाळीस.

साठ किलो जास्त. हौदा उघडा, रिकामा, पत्रा उन्हाने पांढरा. मी हात लावला. सगळा पत्रा तापून निखारा होता, फक्त कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या मागे, माणूस बसेल एवढी जागा थंड होती. ओल्या कापडाचा वास येत होता.

विवेकने चिठ्ठी दोनदा वाचली. "साठ किलोने सहाचा फरक पडत नाही, चाचा. हिशोब जुळत नाही." तो परत जाताना माझ्या गाडीत बसला नाही, टॅक्सीने गेला. पुण्याचा माणूस टॅक्सीने गेला, यावरून ओळखा.

हिशोब मला जुळत होता. माझा बाप गावात बैलगाडी हाकायचा, खाडीकडून मीठ आणायचा. कधी कधी भर दुपारी रिकामी गाडी जड व्हायची, बैल तोंडाला फेस आणायचे. बाप सांगायचा, "त्यांचं वजन काट्यात थोडं येतं, बैलाच्या मानेत जास्त." तो मंत्र नाही म्हणायचा, दगड नाही मारायचा. गाडी थांबवून मागे न बघता विचारायचा, "बाबा, कुठं उतरायचं?" आणि मुकाट तिकडे न्यायचा. बसलेल्याला पोचवायचं, एवढंच.

पण माझ्या माणसाला मी बसवलंच कुठे होतं? तो आपण होऊन मागे चढला होता, कारण पुढचं दार मी त्याच्या हातातून तीनदा काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. तीच जागा, तीच वेळ. गाडी कडेला घेतली, पुढचं दार आतून ढकलून सताड उघडलं आणि थांबलो. गरम हवा आत घुसली, एसी कुंथायला लागला. मी म्हटलं, "या चाचा, आज गाडी पळत नाही, तिला पण ऊन लागलंय."

काही नाही. मागून मांडी बदलल्याचाही आवाज नाही.

"बसा, बसा, आज तिकीट नाही."

नळ्यांतून सुस्कारा. घाम माझ्या डोळ्यांत जात होता. मला कळत होतं काय करायला हवं ते, पण जीभ वळेना. चौसष्ट वर्षांत मी कुणाची माफी मागितली नव्हती. हसवलं की माणसं आपणच सोडून देतात, मागायची वेळच येत नाही. शेवटी मी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि समोर बघत म्हणालो, "चूक झाली. तुम्ही उन्हात होतात, मी मजा केली. माफ करा."

गाडीची मागची बाजू उठली. अगदी थोडी, माणूस हौद्यातून उतरतो तेवढी.

मग बाजूच्या सीटची गादी दबली, दार लागलं, आणि पट्टा लावा म्हणून गाडी टिंग टिंग करायला लागली.

बाजूचा पट्टा मीच लावला, खाचेत बसायला तीन खेपा लागल्या. पट्टा ओढताना तो सीटला चिकटून नाही बसला, पोटाएवढ्या अंतरावर अडून राहिला. टिंग टिंग थांबलं. लबनची बाटली समोरच्या कप्प्यात ठेवली. "कुठं उतरायचं, बाबा?"

मी हळू निघालो. हळू चालवली की ही गाडी मुकी असते. पण मआमीरच्या आतल्या वळणाशी आलो आणि इंजिन एकाएकी गुरगुरलं. सरळ जाऊ लागलो तर गुरगुर वाढली. वळलो तर गप्प. पुढच्या गल्लीला तसंच. पाच-सहा वळणं तिने अशी सांगितली, आणि एका बंद पडलेल्या लेबर कॅम्पच्या फाटकासमोर आलो तेव्हा सगळं इतकं शांत झालं की मला माझ्याच नाकातला श्वास ऐकू यायला लागला. फाटकाला गंजकं कुलूप. भिंतीवर खिडक्यांच्या एसींची रिकामी भोकं ओळीने.

पट्टा खटकन सुटला. गादीने दम सोडला. दार उघडलं आणि मग लागलं, अगदी हलक्या हाताने, दुसऱ्याची गाडी जपून लावतात तसं. बाटलीला हात लावलेला नव्हता, पण ती रिकामी होती.

"खुदा हाफिज," मी म्हटलं. ऐकू आलं असेल.

मग मात्र मला पंख फुटले. पडद्यावर आकडा चढायला लागला, सतरा, एकोणीस, एकवीस. गाडी शेळीच्या पोरासारखी उड्या मारत निघाली. अर्सलानच्या तोंडावर मारायला आणि कफीलला दाखवायला कागद हवा होता, म्हणून टाकी फुल केली आणि तशीच काट्यावर घेतली. मी मोठ्याने गात होतो. तौकीरने या वेळी ओरडा केला नाही. बटण दाबलं, चिठ्ठी फटीतून पुढे केली. मी घेतली. सोळाशे ऐंशी. कागदावरचं वजन, तंतोतंत.

"खाली है," तो म्हणाला. "बिलकुल खाली."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. गाडीच्या पुढच्या काचेकडे बघत होता.

बाकीचं सगळं चांगलंच झालं. अर्सलानने कान पकडले. कफीलने इंशाल्ला म्हणून दोन वर्षांचा व्हिसा लावून दिला. बिल्किसने त्या दिवशी कोलंबीचा भात केला आणि चिठ्ठी दिव्याखाली धरून वाचली. तिला आकडे बरे कळतात, माझ्यापेक्षा तीन इयत्ता जास्त शिकली आहे. वाचून म्हणाली, "वजन करताना तुमी उतरलंवतं ना?"

"म्हणजे काय, उतरलोच," मी म्हटलं. आणि घास तोंडाशी नेता नेता मला आठवलं की चिठ्ठी मी गाडीच्या खिडकीतून हात काढून घेतली होती. एसी चालू होता. मी गात होतो. मी सीटवरून हललोच नव्हतो, तरी चिठ्ठीवर नुसत्या रिकाम्या गाडीचं वजन होतं.

माझं वजन ऐंशी किलो आहे. घरच्या काट्यावर रोज भरतं, आजही भरलं. कुणीही येऊन बघा.

मी तिला काही सांगितलं नाही, पण ती माझ्या थापा तोंडावरून वाचते. गाडी झकास चालते. आकडा बावीस, एकटा असलो तर चोवीससुद्धा. शुक्रवारी आम्ही दोघं समुद्राच्या बाजूने चक्कर मारतो, शेंगदाणे खातो, गुलाबी ढग बघतो. फक्त गाडीत बसली की बिल्किस हल्ली माझी बाही मुठीत धरून बसते. घट्ट. घरी पोचेपर्यंत सोडत नाही.

मी चिडवतो. "काय गो, पडशील म्हणून भितेस?"

ती समोर बघत म्हणते, "मी नाय पडत."